‘कॅबिनेट मेंबर’ला मराठीत काय म्हणायचं? (कौन्सिलातला, संसदेतला नव्हे)

टेम्सकाठची
लंडनमध्ये आमच्या भागात मराठी ज्येष्ठांचा एक गट आहे. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, सभेत काय झालं ते मी त्यांना दीड-दोन पानांत मराठीत लिहून देते. त्यांच्या रोजच्या जगण्यातलं बरंच काही तिथेच ठरतं.

गेल्या सभेत नगरसेवकांनी लोकसेवा आणि विकास हा विषय सांभाळणाऱ्या कॅबिनेट मेंबरांना बरेच प्रश्न विचारले. वाचनालय शनिवारी दुपारी बंद का? ज्येष्ठ दुपारी जेवायला जमतात त्या सभागृहाचं भाडं का वाढलं? नव्या टॉवरच्या बिल्डरकडून सोयीसुविधांसाठी घेतलेले पैसे कुठे खर्च झाले? मी लिहिलं, ‘मंत्र्यांनी सांगितलं की...’

दुसऱ्या दिवशी एका आजोबांचा फोन. “अगं, वाचनालयासाठी खुद्द मंत्री आले होते? मग पेन्शनचं गाऱ्हाणं का नाही घातलंस त्यांच्या कानावर?” त्यांना वाटलं, सरकारातले मंत्रीच आले होते. त्यांच्या आवाजातली आशा ऐकून मला फार वाईट वाटलं. चूक माझ्या शब्दाची होती.

हे लोक मंत्री नाहीत. तेही एका वॉर्डातून निवडून आलेले नगरसेवकच. कौन्सिलचा नेता त्यांना निवडतो, प्रत्येकाला एकेक विषय देतो. नेत्यासकट जास्तीत जास्त दहा जण, असं २००० सालच्या कायद्यात आहे. बाकीचे नगरसेवक त्यांना प्रश्न विचारतात, त्यासाठी वेगळी समितीही असते. या माणसाला मराठीत काय म्हणू?

घाटमाथा
ताई, शब्द तयार आहे: सभापती. माझी आई जिल्हा परिषदेवर होती. बांधकाम सभापती, समाजकल्याण सभापती, महिला व बालकल्याण सभापती अशी पदं कितीतरी वर्षं चालत आलेली आहेत आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतात. सर्वसाधारण सभेत सदस्य त्यांना कसे धारेवर धरायचे ते मी लहानपणी गॅलरीत बसून पाहिलंय. सेस फंडातली शिलाई मशीन कुणाच्या गटात किती गेली यावरून एकदा दुपारचं जेवण राहून गेलं होतं सगळ्यांचं. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होईपर्यंतच दोन तास जायचे, आणि खरी लढाई ‘ऐनवेळचे विषय’ आले की व्हायची. तुमच्या आजोबांना ‘समाजकल्याण सभापती’ म्हणा, लगेच समजेल.

टेम्सकाठची
घाटमाथा, मी आधी तेच लिहिणार होते. पण दोन अडचणी आल्या. सभापती समिती चालवतो, निर्णय समितीचा असतो. इथला कॅबिनेट मेंबर काही निर्णय एकट्याच्या सहीने घेऊ शकतो. शिवाय त्यांना प्रश्न विचारणाऱ्या समितीच्या अध्यक्षाला काय म्हणू? ‘सभापतींनी सभापतींना खडसावलं’ असं झालं तर आजोबा पुन्हा फोन करतील.

२००० च्या आधी इथेही समित्याच होत्या, आणि काही ठिकाणी त्या परत आल्या. शेफील्डच्या लोकांनी २०२१ मध्ये मतदान करून कॅबिनेट नको, समित्या हव्यात असं ठरवलं. तिथे तुमचा शब्द अगदी चपखल बसेल.

जुना वार्ताहर
मुंबई महापालिकेत बरीच वर्षं बातम्या केल्या, म्हणून लिहितो. आपल्याकडेही हे पद एकदा येऊन गेलं आहे. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर महापालिकांत ‘मेयर इन कौन्सिल’ आणलं. महापौर आणि त्याच्या हाताखाली एकेक विषय सांभाळणारे नगरसेवक, म्हणजे जवळपास तुमचं कॅबिनेटच. वर्षभरात ते गुंडाळलं. आम्ही बातम्यांत ‘मेयर इन कौन्सिलचे सदस्य’ असं इंग्रजीच देवनागरीत लिहीत राहिलो. आणखी पाच वर्षं ते टिकलं असतं तर मराठी शब्द आपोआप पडला असता. लोक ज्याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जातात आणि ज्याला शिव्या घालतात, त्याचं नाव भाषा स्वतः ठेवते.

आपल्या महापालिकांत कारभार आयुक्तांच्या हाती. नगरसेवक प्रश्न विचारतो तो शेवटी प्रशासनाला. निवडून आलेल्या माणसाने निवडून आलेल्या माणसाला खात्याचा हिशेब मागायचा, ही रीतच महापालिकेत रुजली नाही, मग शब्द कुठून येणार? मुंबईत मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर प्रशासक आला, तेव्हा तर प्रश्न विचारायला सभागृहच उरलं नाही.

आणि कृपा करून ‘खातेप्रमुख’ लिहू नका. पालिकेत खातेप्रमुख म्हणजे अधिकारी.

अक्षरसांगाती
देवनागरीत इंग्रजी लिहायचं आणि ‘शब्द आपोआप पडेल’ म्हणून वाट पाहायची, हे मला पटत नाही. ‘मेयर’साठी ‘महापौर’ आपोआप पडला नाही. सावरकरांनी तो घडवला, तेव्हा लोकांना तो अवजड वाटला असेल, आज शाळेतलं पोरही म्हणतं. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय उगीच? राज्य आपलं असेल तर कारभाराचे शब्दही आपले हवेत, हा त्यामागचा विचार होता.
माझा पर्याय: ‘कार्यकारी नगरसेवक’. आणि कॅबिनेटला ‘नगरप्रधानमंडळ’.

मोडीवाचक
अक्षरसांगाती, कोशाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. अष्टप्रधानांत ‘मंत्री’ हा आठांपैकी एकच होता, आधीचा वाकनीस. पेशवा तो मुख्य प्रधान, मुजुमदार तो अमात्य, सुरनीस तो सचिव, डबीर तो सुमंत. आठही जणांना मिळून ‘प्रधान’ म्हणत. म्हणजे सगळ्यांना सरसकट ‘मंत्री’ म्हणणं ही पुढची सवय. ‘प्रधान’ हाच जुना शब्द. त्या अर्थी ‘नगरप्रधान’ मला आवडला.

पण ‘कॅबिनेट’चा मूळ अर्थ पाहा: लहान खासगी खोली. राजा निवडक माणसांशी बंद दाराआड बोलायचा ती जागा. आपल्याकडे त्याला नेमका शब्द होता, खलबतखाना. रायगडावर आजही दाखवतात. खलबत म्हणजे अरबी ‘खल्वत’, एकांत. कॅबिनेट म्हणजे खलबतखाना, अर्थाला अर्थ जुळतो!

अक्षरसांगाती
अरबी शब्द परत आणायचा असेल तर राज्यव्यवहारकोश केला कशाला?

मोडीवाचक
खलबत मराठीत कित्येक शतकं आहे. त्याला पाहुणा म्हणू नका. नुसतं संस्कृत असलं म्हणजे मराठी होत नाही. सरकारी पदनाम कोश आला तेव्हा अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं ते याच कारणाने.

घाटमाथा
खलबत म्हटलं की आमच्याकडे कुणाला तरी पाडायचा बेत शिजतोय असं वाटतं. ज्या माणसाने उघड्या सभेत उत्तर द्यायचंय त्याला हा शब्द नको.

अक्षरसांगाती
बदनाम म्हणा, पण त्या काळात घडवलेले कितीतरी शब्द आज तुम्हीच वापरता. आणि हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. माझे वडील न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करून जमिनीचा तुकडा गमावून बसले. कारभार आपल्या भाषेत हवा, हे मी त्या दिवसापासून धरून आहे.

टेम्सकाठची
अक्षरसांगाती, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी लिहिते तेही त्याचसाठी. पण ‘कार्यकारी नगरसेवक’ वाचून आजोबांना ‘कार्यकारी अभियंता’ आठवेल.

आणखी एक अडलंय. प्रश्न विचारणाऱ्या त्या समितीच्या कामाला काय म्हणू? कॅबिनेटमधल्या कुणालाही तिच्यावर बसता येत नाही. निर्णय अंमलात येण्याआधी ती तो अडवून ‘पुन्हा विचार करा’ म्हणू शकते. मी ‘छाननी समिती’ लिहिलं.

जुना वार्ताहर
छाननी उमेदवारी अर्जांची होते. कागद चाळायचे, त्रुटी निघाली की बाद. माणसाला समोर बसवून विचारतात ती झाडाझडती.

घाटमाथा
झाडाझडती पोलीस घेतात. आई म्हणायची, ‘आज सभापतींना जाब विचारला.’ जाब हाच शब्द. जाब विचारणारी समिती!

मोडीवाचक
जाब म्हणजे ‘जवाब’, अरबीच. (अक्षरसांगाती, रागावू नका.)

अक्षरसांगाती
रागावलो नाही. ‘जाब’ मलाही तोडता येणार नाही, हे कबूल करतो. पण मग ‘नगरसेवक’चं काय? हा शब्द कुणी मुद्दाम घडवला म्हणूनच आला ना? आधी वर्तमानपत्रं सर्रास ‘नगरपिते’ लिहायची.

जुना वार्ताहर
हो, आम्हीही लिहायचो. मग बायका मोठ्या संख्येने निवडून आल्या आणि ‘नगरपिता’ म्हणणं अशक्य झालं. ‘नगरमाता’ एका मथळ्यात वापरून पाहिलं होतं, संपादकांनी काढलं. ‘सेवक’ तेव्हा पक्का झाला असं मला वाटतं.

घाटमाथा
आमच्या गावात ना पिता ना सेवक. ग्रामपंचायतीवर गेला की ‘मेंबर’. बाई असली तर ‘मेंबरबाई’. ताई, तुमच्या ‘कॅबिनेट मेंबर’मधला मेंबर तर आधीच मराठी आहे, अडतंय ते कॅबिनेटवर.

मोडीवाचक
मग ‘खलबतमेंबर’?

अक्षरसांगाती
नको. त्यापेक्षा मला हे सांगा: महापौर बाई असली तरी महापौर, सभापती बाई असली तरी सभापती. मग ‘नगरसेविका’ वेगळी का? माझ्या मावशीच्या लेटरहेडवर ‘नगरसेवक’ छापलं होतं आणि ते तिने हट्टाने तसंच ठेवलं.

घाटमाथा
आईच्या पाटीवर ‘सदस्या’ होतं. तिलाही ‘सदस्य’ हवं होतं. रंगाऱ्याने काना घातला तो राहिला.