साहेब तोंडी सांगतात, आपण लेखी मागतो : चूक नेमकी कोणाची?

बोअरगेज :
परवा या चर्चामंचावर 'जुना फोरमन' यांनी लिहिले होते की, वरिष्ठाची बोलण्याची तऱ्हा पावसासारखी असते, पाऊस कोणासाठी बदलत नाही, तेव्हा छत्री आपणच बाळगावी. आणि जी तरुण मुले प्रत्येक फोननंतर साहेबांना मेल पाठवतात, त्यांना यंत्रे कळतात पण माणसे कळत नाहीत. दोन दिवस मी गप्प राहिलो, पण ते शब्द मनातून जात नाहीत, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमचे साहेब हुशार आहेत. मशीनच्या आवाजावरून स्पिंडलचे बेअरिंग गेले आहे हे ते दारातून सांगतात. मात्र ते कधीही काही लिहून देत नाहीत. जे सांगायचे ते फोनवर, जिन्यात, चालता चालता आणि अर्ध्या वाक्यात. गेल्या वर्षी दुसरी पाळी सुटायच्या सुमारास, रात्री साडेअकराला, पंप बॉडीच्या सहाशे नगांच्या लॉटमध्ये बोअर, म्हणजे आतले गोल छिद्र, मोठे निघाले. ड्रॉइंगवर ३२ एच ७ आहे, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५ मिलिमीटर, माझ्या गेजवर ३२.०३१ येत होते, म्हणजे सहा मायक्रॉन (मिलिमीटरचे सहा हजारांश) जास्त. मास्टर रिंगवर, म्हणजे अचूक मापाच्या कड्यावर, गेज तीनदा सेट करून पुन्हा मोजले, तरी काटा तेथेच. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, सहा मायक्रॉननं काय आभाळ कोसळतंय? गाडी अडवू नकोस, सकाळी बघतो मी." गाडी गेली. तीन आठवड्यांनी ग्राहकाची तक्रार आली, आमची दोन माणसे तीन दिवस त्यांच्या स्टोअरमध्ये बसून नग निवडत राहिली, आणि बैठकीत साहेब सर्वांसमोर म्हणाले, "गाडी सोड असं मी म्हटलंच नव्हतं. अडवू नको म्हणजे भरून तयार ठेव." मेमो मला मिळाला.

तेव्हापासून प्रत्येक फोननंतर मी दोन ओळी पाठवतो की, आपल्या आत्ताच्या सूचनेनुसार अमुक करीत आहे, समजण्यात चूक असल्यास कळवावे. चौथ्या मेलला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारले, "तू माझ्यावर केस उभी करतोयस का?" मला जाणून घ्यायचे आहे की, यात माणसे न कळण्यासारखे मी काय केले?

जुना फोरमन :
तुम्हाला मेमो मिळाला हा अन्याय झाला, हे आधीच मान्य करतो. तुमच्या साहेबांनी बैठकीत शब्द फिरवला असेल, तर ते त्यांना शोभले नाही. पण माझे म्हणणे मी मागे घेणार नाही.

मी चौतीस वर्षे शॉपफ्लोअरवर काढली. शेवटच्या काही वर्षांत माझ्या हाताखाली एक सुपरवायझर होता, त्याची खुर्ची माझ्या केबिनपासून वीस पावलांवर होती. एका महिन्यात त्याने मला चौदा मेल लिहिले आणि एकदाही तो आत येऊन बोलला नाही. प्रत्येक मेलच्या सीसीमध्ये एचआर आणि प्लँट हेड. कूलंटची टाकी गळते आहे हेसुद्धा मला मेलवरून कळले, आणि ते वाचेपर्यंत अर्धा दिवस कूलंट गटारात गेले होते. त्याचे कागद अगदी चोख होते, पण काम झाले नव्हते. तुम्ही ज्याला खुलासा म्हणता, तो समोरच्याला पंचनाम्यासारखा वाटतो. माणूस एकदा सावध झाला की तो पुढे फोनवरही मोकळेपणाने बोलत नाही, आणि मग ज्या चार गोष्टी तो अनुभवातून सांगणार होता, त्याही तुम्हाला मिळत नाहीत.

टिपणी सादर :
फोरमनसाहेब, पंचनामा हा शब्द तुम्ही दूषण म्हणून वापरता, याचे आश्चर्य वाटते. मी जिल्हा परिषदेत आहे. आमच्याकडे तोंडी आदेशाने किती कनिष्ठांचे निवृत्तिवेतन अडकले, ते मी जवळून पाहिले आहे. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील तिसऱ्या नियमात स्पष्ट म्हटले आहे की, वरिष्ठाचा निदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी देणे अपरिहार्य झाले तर त्याने तो लगेच लेखी कायम करावा, आणि कनिष्ठाने तशी मागणी करावी. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी हेच सांगितले की, अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, सूचना मिळाल्यास तिची नोंद करावी. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे योग्य वाटले, तेच बोअरगेज करीत आहेत.

तरीही आमच्याकडे काय घडते तेही सांगतो. मी मुद्देसूद टिपणी लिहून शेवटी 'निर्णयार्थ सादर' असे लिहितो, आणि नस्ती, म्हणजे फाइल, परत येते तेव्हा समासात हिरव्या शाईने दोनच शब्द असतात : 'चर्चा करावी'. चर्चेत साहेब हवे ते सांगतात, आणि मग ते माझ्या अक्षरात माझाच प्रस्ताव म्हणून वर जाते. एका शाळेच्या दुरुस्तीच्या प्रकरणात अशी नस्ती पाच वेळा खाली आली. दर वेळी साहेबांचे मत बदललेले होते, आणि पाचही मते कागदावर माझी आहेत. हे बोलण्याच्या शैलीतले अंतर नव्हे. जबाबदारी खाली ढकलण्याचा तो जुना मार्ग आहे.

नेकारकाठची :
मी आठ वर्षे श्टुटगार्टमध्ये काम करते आहे. येथे बैठक संपली की कोणीतरी 'प्रोटोकोल' लिहितो, म्हणजे काय ठरले, कोण करणार आणि कधीपर्यंत, आणि तो त्याच दिवशी सर्वांना जातो. त्याचा कोणालाही राग येत नाही, कारण तो कोणा एकाच्या विरुद्ध लिहिलेला नसतो.

माझी अडचण नेमकी उलटी होती. पहिल्या वर्षी माझी जर्मन व्यवस्थापक काही सांगत असताना मी प्रत्येक वाक्याला 'हो, हो' म्हणत असे. माझ्या मनात त्याचा अर्थ 'ऐकते आहे' एवढाच होता. तिने तो 'शुक्रवारपर्यंत होईल' असा घेतला. शुक्रवारी तिने काम मागितले तेव्हा मी म्हणाले, "बघते." तिने शांतपणे विचारले, "काय बघणार आहेस?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्याकडचे 'बघतो', 'करून टाकू', 'होऊन जाईल' हे शब्द साहेब आणि कनिष्ठ दोघेही वापरतात, आणि बोअरगेज यांच्या साहेबांचे 'सकाळी बघतो मी' त्याच जातीचे आहे. साहेबांना दोष द्या, पण आपणही तेच बोलतो, हे विसरू नका.

सातारकर मेंटेनन्स :
मला मूळ प्रश्नापेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. बोअरगेज, तुमचे साहेब मराठी आहेत ना? मग तो मेल तुम्ही कोणत्या भाषेत पाठवता?

बोअरगेज :
इंग्रजीत. कंपनीची पद्धत आहे.

सातारकर मेंटेनन्स :
मला तेच वाटले होते. रात्री साडेअकराला दोघे मराठीत बोलता आणि बारा वाजता 'ॲज पर अवर टेलिफोनिक डिस्कशन' लिहिता. भाषा बदलली की नाते बदलते. ज्या माणसाला तुम्ही रोज 'साहेब, जेवलात का' म्हणून विचारता, त्याला अचानक वकिलाची नोटीस आल्यासारखे वाटते. आमच्या प्लँटमध्ये एक सांगलीचा आणि एक कराडचा अधिकारी एकमेकांना 'काइंडली डू द नीडफुल' लिहितात, आणि दोघांनाही समोरचा उर्मट वाटतो. मराठीत 'साहेब, तुम्ही सांगितल्याप्रमाणे गाडी सोडतोय, काही वेगळं असेल तर आत्ताच सांगा' एवढे व्हॉट्सॲपवर लिहिले असते, तर केस उभी राहिली असती का?

पर्चेसच्या टेबलावरून :
हे फार भाबडेपणाचे आहे. आमचा ग्राहक चेन्नईचा, त्यांचा ऑडिटर दिल्लीचा. त्यांना तुमचा मराठी निरोप दाखवायचा का? शिवाय व्हॉट्सॲपचा निरोप सुमारे अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो. त्यावर कोणाची नोकरी टांगून ठेवायची? भाषेचा अभिमान घरी ठेवावा, कारखाना निर्यातीवर चालतो.

सातारकर मेंटेनन्स :
घरी ठेवण्याचा सल्ला मला देऊ नका. तुमच्या निर्यातीचे नग ज्या ऑपरेटरच्या हातून निघतात, त्याला कंट्रोल प्लॅनची (काय, कसे तपासायचे त्या तक्त्याची) इंग्रजी ओळ वाचता येत नाही, म्हणून मशीनवर मराठीत चिठ्ठी चिकटवावी लागते. ती चिठ्ठी मी लिहितो. ऑडिटरसाठी तुम्ही लिहिता आणि माणसांसाठी आम्ही लिहितो, एवढाच फरक आहे. आणि पुसण्याचे म्हणाल, तर बोअरगेजने स्वतः पाठवलेला निरोप साहेब कसा पुसतील?

जुना फोरमन :
भांडू नका. या विषयावर मला बोलणे भाग आहे, आणि ते मी आजवर कोठेही लिहिलेले नाही.

मी आयटीआय करून फिटर म्हणून लागलो. पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या टेबलावर संगणक आला आणि मेल इंग्रजीत लिहायचे ठरले. मला यंत्रावरचा प्रत्येक दोष समजत होता, पण 'इट हॅज बीन' की 'इट वॉज' हे कळत नव्हते. मेल आला की मी तो दहावीत असलेल्या मुलीला घरी दाखवण्यासाठी छापून नेत असे. एकदा एका नव्या इंजिनिअरने माझ्या मेलमधली चूक दुरुस्त करून तोच मेल सर्वांना पाठवला. त्यानंतर मी मेलला उत्तर देणे बंद केले आणि सगळे फोनवर सांगू लागलो. लोक म्हणाले, फोरमन जबाबदारी टाळतो. खरे कारण कोणाला सांगायची मला लाज वाटत होती. तुमच्या साहेबांचे असेच असेल असे मी म्हणत नाही, पण तोंडी बोलणारा प्रत्येक जण लबाड असतो, हेही मी मान्य करणार नाही.

पर्चेसच्या टेबलावरून :
फोरमनसाहेब, हे वाचून वाईट वाटले, आणि भाषेबद्दल मी जरा तोडून बोलले, तेवढे मागे घेते. पण तेवढेच. मुद्दा अजून तेथेच आहे, आणि तो शैलीचा मुळीच नाही. मी पुरवठादारांची गुणवत्ता पाहते. आयएटीएफ १६९४९ : २०१६ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाप्रमाणे, मान्य झालेल्या स्थितीपेक्षा वेगळा माल पुढे पाठवायचा असेल, तर आधी ग्राहकाकडून डेव्हिएशन, म्हणजे तशी परवानगी, घ्यावे लागते. ते सहा मायक्रॉन माफ करण्याचा अधिकार साहेबांना नव्हता. त्यांनी गोड मराठीत सांगितले असते किंवा सही करून दिले असते, तरीही नव्हता. आणि बोअरगेज, स्पष्टच सांगते, तो तुम्हालाही नव्हता. गेजवर ३२.०३१ दिसत असताना माल पास करून गाडी तुम्ही जाऊ दिलीत. लाल टॅग लावून लॉट बाजूला ठेवायला कोणाचा फोन लागत नाही.

बोअरगेज :
हे लागले. रात्री साडेअकराला, गेटवर ट्रकचे इंजिन चालू असताना आणि डिस्पॅचचा माणूस समोर उभा राहून घड्याळ दाखवत असताना लाल टॅग लावून पाहा, एवढेच मला आधी म्हणायचे होते. पण तुमचे चूक आहे असे मला म्हणता येत नाही. टॅगांचा गठ्ठा ड्रॉवरमध्येच होता. मी फोन केला, कारण निर्णय दुसऱ्याने घ्यावा असे मला वाटत होते.

टिपणी सादर :
तरीसुद्धा मेमो दोघांना मिळायला हवा होता. कनिष्ठाची चूक निघाली की वरिष्ठाची आपोआप माफ होते, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे आणि येथेही तेच घडताना दिसते आहे.

जुना फोरमन :
ते बरोबर आहे. दोघांना मिळायला हवा होता.

एक गोष्ट सांगतो. मेल येण्यापूर्वी आमच्याकडे शिफ्ट रजिस्टर होते, फुलस्केप, लाल कापडी पुठ्ठ्याचे. रात्री साहेबांनी फोनवर काही सांगितले की सुपरवायझर मराठीत लिहीत असे : 'रा. ११.४०, साहेबांच्या फोनवरून, ७ नंबर मशीन बंद ठेवले.' सकाळी साहेब चहा घेता घेता ते पान वाचून खाली सही करीत. वेगळे सांगितले असेल तर तेथेच खोडून दुरुस्त करीत, आणि कोणाला राग येत नसे, कारण ती वही सर्वांची होती. बाई जर्मनीत ज्याला प्रोटोकोल म्हणतात, तेच असावे. संगणक आला तेव्हा ते रजिस्टर बंद करण्याच्या कागदावर माझीही सही आहे.

बोअरगेज :
आमच्याकडे टॅबलेटवर हँडओव्हर भरतात. त्यात उत्पादन, रिजेक्शन आणि डाउनटाइम असे तीन रकाने आहेत. कोणी काय सांगितले यासाठी जागाच नाही.

छत्रीची तुमची उपमा मला अजूनही पटलेली नाही आणि मेल पाठवण्यात गैर होते असेही मी म्हणणार नाही. पण पहिल्या मेलआधी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन 'मी आजपासून असे लिहीत जाणार आहे, त्याचे कारण हे' एवढे मी सांगितले नव्हते, हे खरे आहे. सीसीत प्लँट हेडही होते, तेही येथे आधी लिहायला हवे होते.

दोनशे पानी रजिस्टर आणले आहे. सोमवारी पहिल्या पाळीपासून क्वालिटीच्या टेबलावर ठेवतो, मराठीत लिहितो, आणि आधी साहेबांना जाऊन सांगतो. पहिल्या पानावर माझी सही असेल. साहेबांची होते की नाही, ते येथेच कळवीन.