एम ड्वार्फचं तापमान स्पेक्ट्रमवरून काढायलोय, पण कंटिन्यूमच सापडंना

गोदाकाठ_परभणी :
नमस्कार मंडळी. मी परभणीला एमएससी फिजिक्स करायलोय, प्रोजेक्टला एम ड्वार्फ घेतलेत, म्हणजे ते थंड, कमी वस्तुमानाचे तारे. स्लोन सर्व्हेचे (आकाशाच्या एका मोठ्या सर्वेक्षणाचे) स्पेक्ट्रम फुकट डाउनलोड होतात म्हणून तिथूनच एक तारा उचलला आणि आता आठ दिवस झाले एकाच जागी अडकलोय. ब्लॅकबॉडी, म्हणजे नुसत्या तापमानावरून ठरणारा प्रकाशाचा आदर्श वक्र, फिट केला तर निळ्या बाजूनं ३२०० केल्विनच्या आसपास यायलंय आणि लाल बाजूनं २६०० पण येईना, तारा तर एकच आहे ना? दुसरं म्हणजे गाइड म्हणले लोखंडाच्या रेषांची इक्विव्हॅलंट विड्थ (रेषेनं एकूण किती प्रकाश शोषला त्याचं माप) काढ, त्यावरून मेटॅलिसिटी, म्हणजे धातूंचं प्रमाण, येईल. सूर्याच्या स्पेक्ट्रमवर प्रॅक्टिकलला तेच केलं होतं आम्ही. पण इथं रेषा सुट्या दिसतच नाहीत, सगळा स्पेक्ट्रम करवतीच्या दातांसारखा. कंटिन्यूमसाठी, म्हणजे रेषा नसत्या तर दिसला असता त्या सलग प्रकाशासाठी, पॉलिनोमियल ३ ऑर्डरचा लावला की एक उत्तर, ५ चा लावला की दुसरंच. चुकतंय कुठं सांगा बरं.

बालाघाट_रात्र :
तुझं गणित नाही चुकलेलं, पद्धत चुकीच्या ताऱ्याला लावलीस. मी मूळची अंबाजोगाईची, सध्या पुण्यात पीएचडी याच विषयात, मला पण पहिले दोन महिने हेच झालं होतं.
बघ, ३९०० केल्विनच्या खाली वातावरणात रेणू टिकायला लागतात. ऑप्टिकलमध्ये टायटॅनियम ऑक्साइड, कॅल्शियम हायड्राइड, अजून थंड झालं की व्हॅनेडियम ऑक्साइड, आणि इन्फ्रारेडला पाण्याची वाफ. एकट्या टायटॅनियम ऑक्साइडच्याच लाखो रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळं खरा कंटिन्यूम कुठंच वर येत नाही, तू ज्याला वरची कड समजतोस ती पण शोषलेलीच आहे. विहिरीचं पाणी किती खोल ते आपण काठापासून मोजतो ना, इथं काठच ढासळलाय, मग तू पॉलिनोमियलनं काठ कुठंही मांड, खोली त्याप्रमाणं बदलणारच. ब्लॅकबॉडीचं पण तेच. लाल भागातले मोठे पट्टे प्रकाश खाऊन टाकतात म्हणून तिथला उतार जास्त थंड तारा दाखवतो.
म्हणून खोली मोजायचीच नाही, गुणोत्तर मोजायचं. टायओ-५ नावाचा इंडेक्स आहे, ७१२६ ते ७१३५ अँगस्ट्रॉममधला सरासरी फ्लक्स (येणारा प्रकाश) भागिले ७०४२ ते ७०४६ मधला. पट्ट्याच्या आतलं आणि लगेच बाहेरचं, त्यामुळं कंटिन्यूमची भानगडच नाही. ८.२ मधून १०.७७५ गुणिले टायओ-५ वजा कर, एम ० पासून पुढचा उपवर्ग (आकडा वाढला की तारा थंड) अर्ध्या वर्गाच्या फरकानं येतो. फक्त एम ६-७ च्या पुढं हे वापरू नको, तिथं टायटॅनियम धुळीच्या कणांत अडकायला लागतं आणि पट्टे परत फिके होतात, म्हणजे जास्त थंड तारा उलट गरम दिसंल.
आणि हो, स्लोनच्या वेव्हलेंथ व्हॅक्यूममधल्या असतात, हे इंडेक्स हवेतल्या वेव्हलेंथवर ठरवलेत. ७००० ला जवळपास १.९ अँगस्ट्रॉमचा फरक पडतो आणि तुझी खालची खिडकीच चार अँगस्ट्रॉमची आहे. आधी ते बदल, मग रेडियल व्हेलॉसिटी, म्हणजे तारा आपल्याकडं येतो किंवा लांब जातो त्यानं रेषा सरकतात ते, काढून टाक, मगच मोज.

उदगीरचे_मास्तर :
वरच्या ताईंनी तापमानाचं नीट सांगितलं, मी मेटॅलिसिटीवर लिहितो कारण माझा जीव त्यातच अडकलेला आहे. गाइडसाहेबांचा रस्ता सूर्यासारख्या ताऱ्याला बरोबर आहे, एम ड्वार्फला लोकांनी फार सुंदर युक्ती काढली. एखाद्या सूर्यासारख्या ताऱ्याचा जोडीदार एम ड्वार्फ असंल तर दोघं एकाच ढगातून जन्मलेले, म्हणजे एकाच वावरातली माती. मग मोठ्या ताऱ्याची माती तपासायची, रिपोर्ट लहान्याला लागू करायचा, आणि लहान्याच्या स्पेक्ट्रममधलं कोणतं चिन्ह त्या आकड्याबरोबर हलतं ते शोधायचं. २०१० मध्ये बार्बरा रोहास-आयाला आणि सहकाऱ्यांनी अशाच जोड्यांवरून इन्फ्रारेडच्या के बँडमधल्या सोडियम (२.२१ मायक्रॉन) आणि कॅल्शियम (२.२६ मायक्रॉन) रेषा वापरल्या, सोबत पाण्याच्या वाफेचा इंडेक्स तापमानासाठी. तुझा स्लोनचा स्पेक्ट्रम तिथपर्यंत जात नाही. आपल्याकडं देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर टॅनस्पेक नावाचं स्पेक्ट्रम घेणारं उपकरण आहे, ०.५५ ते २.५ मायक्रॉनपर्यंत एकदम घेतं, पण एमएससीच्या मुदतीत तिथला वेळ मिळायचा भरवसा धरू नको.
ऑप्टिकलमध्ये तुला झीटा काढता येईल. धातू कमी झाले की टायटॅनियम ऑक्साइड झपाट्यानं फिकं होतं, कॅल्शियम हायड्राइड तेवढं होत नाही, दोन्हींची तुलना म्हणजे झीटा. सूर्याइतके धातू असले की १ च्या आसपास, ०.८२५ च्या खाली सबड्वार्फ, म्हणजे धातू कमी असलेला बुटका. अचूक आकडा नाही मिळणार, पण तारा कोणत्या पिढीचा ते नक्की कळंल, आणि एमएससीला हे लई झालं.

हिंगोली_आकाश :
मी हौशी माणूस. थंडीत औंढ्याच्या बाजूला दुर्बीण लावतो आणि कॅमेऱ्यापुढं मिलिमीटरला १०० रेषांची ग्रेटिंग बसवतो. काक्षीच्या, म्हणजे बिटलज्यूसच्या स्पेक्ट्रममध्ये टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे पहिल्यांदा दिसले त्या रात्री मी घरच्या सगळ्यांना उठवून दाखवले. विचारायचं होतं, तो पण एम वर्गाचाच, मग हा महाकाय आणि तो बुटका हे नुसत्या स्पेक्ट्रमवरून कसं ओळखायचं? आणि एखादा एम ड्वार्फ माझ्या ८ इंचीत येईल का?

बालाघाट_रात्र :
हिंगोलीकर, गुरुत्वावरून. बुटक्याचा लॉग जी (पृष्ठभागावरच्या गुरुत्वाचा लॉगॅरिदम) ५ च्या जवळ असतो, महाकायाचा ० च्या आसपास. बुटक्यात वातावरण दाबलेलं असतं म्हणून ८१८३ आणि ८१९५ ची सोडियमची जोडी आणि ६८०० ते ७००० मधलं कॅल्शियम हायड्राइड दणकून दिसतात, महाकायात दोन्ही अगदी फिकं. सोडियमच्या जागी आपल्याच हवेतली वाफ पण शोषते, म्हणून कोरड्या रात्री घ्या. नुसत्या डोळ्यांनी एकही एम ड्वार्फ दिसत नाही, सगळ्यात तेजस्वी तो पण ६.७ प्रतीचा. तुमच्यासाठी लालांद २११८५ चांगला, सप्तर्षीच्या भागात, साधारण ७.५ प्रत, आणि अंतर फक्त ८.३ प्रकाशवर्षं.

गोदाकाठ_परभणी :
ताई, व्हॅक्यूमचं दुरुस्त केलं, रेडियल व्हेलॉसिटी पण काढली. टायओ-५ ०.४३ आलं म्हणजे एम ३.५, झीटा ०.९८. दोनदा मोजलं, तेच आलं!! काल रात्री झोपच नाही आली. आता वस्तुमान आणि त्रिज्या पण स्पेक्ट्रमवरूनच काढू का?

बालाघाट_रात्र :
मस्त! नाही, तिथं स्पेक्ट्रमचा हट्ट सोड. गाया उपग्रहाचं पॅरॅलॅक्स (त्यावरून अंतर कळतं) आणि टू-मास या इन्फ्रारेड सर्वेक्षणाचं के मॅग्निट्यूड, म्हणजे के बँडमधली प्रत, घे, त्यावरून वस्तुमान २-३ टक्क्यांच्या चुकीत येतं. त्रिज्येचं पण तसंच सूत्र आहे, मॉडेलमधून उचलू नको, मॉडेल या ताऱ्यांना खऱ्यापेक्षा काही टक्के लहान दाखवतात. मग लॉग जी त्याच दोन आकड्यांवरून काढ. समजा दोन्ही सूर्याच्या ०.३ पट आले तर लॉग जी ४.९६. तो फिक्स करून ताऱ्याच्या वातावरणाचं फीनिक्स मॉडेल फिट कर, नाहीतर तापमान, गुरुत्व, धातू तिघं एकमेकांची चूक झाकत बसतात. आणि ६५६३ ला हायड्रोजनची रेषा वर आलीय का खाली ते बघून इथं टाक, वर असली तर तारा चुंबकीयदृष्ट्या सक्रिय आहे.

गोदाकाठ_परभणी :
वर नाही, सपाटच दिसायलीय. आता गायाचा डेटा काढतो, लाइट आहे तोवर.