शहराचे डिजिटल ट्विन: आधी चित्र की आधी प्रश्न?

पावसाळी_गटार:
नमस्कार. मी एका मध्यम आकाराच्या महानगरपालिकेत अभियंता आहे. डिजिटल ट्विनचा, म्हणजे शहराच्या संगणकातल्या प्रतिकृतीचा, प्रस्ताव तयार करण्याचे काम माझ्याकडे आले असून, आतापर्यंत सादरीकरण केलेल्या प्रत्येक सल्लागाराने ड्रोनने संपूर्ण शहराचे त्रिमितीय चित्र उभे करण्यापासून सुरुवात सुचवली आहे. आमची खरी अडचण मात्र पावसाळ्यात तीन चौकांत तुंबणाऱ्या पाण्याची आहे. सुरुवात कोठून करावी?

नकाशेवाला:
हेलसिंकीने शहराची दोन वेगळी मॉडेल केली, हे आपल्या उपयोगाचे आहे. एक छायाचित्रांवरून विणलेले, दिसायला हुबेहूब; दुसरे सिटीजीएमएल या खुल्या मानकातले, ज्यात प्रत्येक इमारत ही स्वतंत्र नोंद असते. पहिल्यात इमारत आणि तिच्या शेजारचे झाड एकाच सलग पृष्ठभागाचे भाग असतात, त्यामुळे ‘या इमारतीच्या छताचे पाणी कोठे जाते’ असे त्याला विचारता येत नाही. सल्लागार बहुधा पहिलेच दाखवतात. आयुक्तांच्या दालनातल्या मोठ्या पडद्यावर तेच शोभते!

जुना_कनिष्ठ_अभियंता:
ड्रोनला जमिनीखालचे दिसत नाही. पाणी तुंबण्याचा हिशेब करायचा तर प्रत्येक चेंबरमध्ये नळाच्या तळाची पातळी, नळाचा व्यास आणि उताराची दिशा लागते, आणि ही माहिती झाकण उघडून, आत पट्टी सोडूनच मिळते. आमच्याकडे नकाशावर ६०० मिलिमीटरचा नळ होता, तो प्रत्यक्षात ४५० चा निघाला. तेव्हा एका चौकाचे पाणलोट क्षेत्र घ्या, पर्जन्यमापक आणि नाल्यात पातळीमापक बसवा, आणि मॉडेलचे उत्तर एका पावसाळ्यातल्या प्रत्यक्ष पाण्याशी ताडून पाहा. बाकीचे शहर नंतर.

निविदा_कक्ष:
२०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणात मोठ्या शहरांच्या डिजिटल ट्विनसाठी २०३५ चे उद्दिष्ट आहे, त्यामुळे घाई नको. निविदेत मात्र दोन अटी घालाच: मूळ विदा (डेटा) खुल्या स्वरूपात पालिकेच्या मालकीची राहील, आणि रस्ता खोदणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराचे अंतिम देयक सुधारित नोंद दिल्याशिवाय निघणार नाही. दुसऱ्या अटीवर लेखा विभागाची सही आधीच घ्या. ही अट नसेल तर मॉडेल वर्षभरात शिळे होते.

पावसाळी_गटार:
आभारी आहे. काल पहिल्या चौकात चेंबर मोजायला गेलो. नकाशावर ११ आहेत, सापडले ७. उरलेले चार गेल्या वर्षीच्या डांबरीकरणाखाली असावेत, असे मुकादम म्हणतात.