मदत हवी आहे: टेंगमाल्म घुबडाच्या घरट्याच्या पेट्या मार्टेनपासून (झाडावर चढून अंडी-पिल्लं खाणारा छोटा शिकारी प्राणी) कशा वाचवायच्या?

फिनलंडच्या तैगा (उत्तरेकडच्या थंड, सूचिपर्णी) जंगलात जुनी झाडं तुटली की काळ्या सुतार पक्ष्याच्या ढोल्याही जातात, ज्यांत हे इवलं घुबड घरटं करतं, म्हणून त्याच्यासाठी पेट्या लावतो. भोक ८ सेंमी, उंची ५ मीटर, तळाशी ५ सेंमी भुसा. भुसा हवाच, हे घुबड घरट्यासाठी काडीसुद्धा आणत नाही, अंडी उघड्या फळीवर गडगडतात.

अडचण पाइन मार्टेनची. एकदा सापडलेली पेटी तो विसरत नाही, पुढच्या वर्षीही तिथेच चढतो. खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळला, तर शेजारच्या स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडाच्या) फांदीवरून उडी मारतो. पेटी दरवर्षी हलवावी का? किती लांब? की पोहोचणाऱ्या फांद्या छाटणं पुरेल? मार्चपासून अंडी घालायला सुरुवात होते, त्याआधी सांगा, प्लीज.