हाटेलात, बांधावर, चुलीपुढं: गणित-विज्ञानावरून झालेले वाद आणि ते कसे मिटले, तुमचे अनुभव सांगा

गंगाखेडकर

गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. जायकवाडीचे दरवाजे उघडले की आमच्याकडं चहाच्या हाटेलात दोन दिवस दुसरा विषय निघत नाही. "लाख क्युसेकनं सोडलंय, उद्यापर्यंत धरण रिकामं होतंय बघा," असं एक जण म्हणाला आणि पेटलं. कुणी म्हणे आठवडा, कुणी म्हणे महिना. शेवटी पेपरच्या कडेला हिशोब मांडला.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्याला लाखानं भागलं की 10,000 सेकंद आले. म्हणजे लाख क्युसेकनं एक टीएमसी जायला पावणेतीन तास. जायकवाडीचा उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसीच्या थोडा वर आहे. वरून थेंबभर पाणी आलं नाही असं धरलं तरी तो संपायला जवळजवळ नऊ दिवस लागतात. एकानं लगेच उलटा प्रश्न टाकला, दिवसाला बरोबर एक टीएमसी जायचं तर किती क्युसेक पाहिजे? 11,574. हा आकडा आता आमच्या हाटेलात सगळ्यांना पाठ आहे आणि विसर्गाची बातमी आली की त्याच्याशी ताडून बघितली जाते.

मला अशा वादांचं मोठं अप्रूप आहे. कुणी मोठा माणूस येऊन निकाल देत नाही. कागद, दोरी, बादली, घड्याळ यांच्यावर निकाल लागतो, आणि तो निकाल हरलेल्यालाही पटतो. मराठवाड्यातल्या मंडळींनी आपापले अनुभव लिहावेत. वाद खरा झालेला असावा आणि कसा मिटवला तेही सांगा. मिटला नसेल तर तसंच सांगा.

केजकडची

आमचा वाद बांधावरचा आहे. वडिलांच्या माघारी तिघा भावांची वाटणी चालली होती. एक तुकडा चारी बाजूंनी शंभर-शंभर फूट भरत होता, पण कोपरे तिरके. आमच्याकडं जुन्या माणसांची रीत अशी की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. चुलत्यांनी तसाच केला. दहा हजार चौरस फूट, म्हणजे सव्वानऊ गुंठ्यांना जरा कमी. मी म्हटलं, काका, हे चौकोनी रानाला लागू पडतं, कललेल्या रानाला नाही. "बाजू तेवढ्याच असल्यावर रान कमी कसं होईल?" असं ते म्हणाले, आणि सगळ्यांना तेच पटलं.

मग चार काड्या घेतल्या, टोकाला सुतळीनं सैल बांधल्या आणि चौकट करून सगळ्यांसमोर हळूहळू कलती केली. बाजू त्याच, पण आतली जागा मिटत मिटत शून्यावर आली. ते बघितल्यावर काकाच म्हणाले, "टेप आण, मधून मोज." समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर मोजलं तर तेही शंभर फूट निघालं. म्हणजे रान दोन समभुज त्रिकोणांचं. एका त्रिकोणाचं क्षेत्र 4,330 चौरस फूट, दोन्हींचं 8,660. गुंठ्यात आठाला थोडं कमी. सव्वा गुंठ्याचा फरक पडला, आणि आमच्याकडं सव्वा गुंठ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद असतं.

ही सरासरीची रीत नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. रान काटकोनी असेल तरच बरोबर येते. चारी बाजूंबरोबर एक कर्ण मोजला की दोन त्रिकोण मिळतात आणि तिन्ही बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्र काढता येतं. सातवी-आठवीतलं पोर करू शकतं.

त्याच दिवशी धाकट्या भावानं विचारलं, गुंठा 33 बाय 33 फुटांचाच का? याचं उत्तर मला फार आवडतं. इंग्रजांची मोजणीची साखळी 66 फुटांची. अर्धी साखळी म्हणजे 33 फूट आणि तिचा चौरस म्हणजे गुंठा, 1,089 चौरस फूट. असे चार गुंठे म्हणजे एक चौरस साखळी, दहा चौरस साखळ्या म्हणजे एकर. 1,089 गुणिले 40 करून बघा, बरोबर 43,560 येतात.

गंगाखेडकर

काड्यांची चौकट! हे मी उद्याच हाटेलात करून दाखवणार.

उदगीर तालुका, शाळामास्तर

आमच्याकडं वाद सावलीचा झाला. मे महिन्यात सुट्टी असली तरी गावातली पोरं शाळेच्या मैदानावरच असतात. त्यांना सांगितलं की या आठवड्यात एक दिवस असा येणार की भरदुपारी खांबाला सावलीच नसेल. शिपाई मामा म्हणाले, "गुरुजी, उन्हाळ्यात बाराच्या ठोक्याला रोजच सावली पायात असते, त्यात नवल काय?" पोरं त्यांच्या बाजूची.

दोन गोष्टींवर पैज लागली. पहिली, सावली सगळ्यात आखूड बाराला होत नाही. दुसरी, ती पूर्ण नाहीशी वर्षातून दोनच दिवस होते. सरळ पाइप ओळंब्यानं उभा केला आणि पावणेबारापासून सावलीच्या टोकावर खडूनं खुणा करत बसलो. बाराला सावली होती. ती सरकत सरकत सगळ्यात आखूड झाली तेव्हा घड्याळात बारा वाजून अठरा मिनिटांच्या आसपास झाले होते. कारण आपलं घड्याळ लागतं 82.5 अंश पूर्व रेखांशावर, आणि आपण त्याच्या जवळजवळ साडेपाच अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. मे महिन्यात सूर्य त्यात साडेतीन मिनिटांची सूट देतो, म्हणून बावीसऐवजी अठरा.

दुसऱ्या पैजेला थोडे दिवस लागले. लातूरला बिनसावलीचा दिवस 13-14 मेच्या सुमाराला येतो, नांदेडला 16-17, संभाजीनगरला 19-20. सूर्य डोक्यावर येण्याची जागा त्या दिवसांत रोज 25-26 किलोमीटर उत्तरेला सरकत असते. परतीच्या वाटेवर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ असतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

खरी मजा यापुढची. माझा एक मित्र संभाजीनगरला असतो. त्याला म्हटलं, लातूर भागात सावली नाहीशी होईल त्याच दिवशी तू दोन मीटरचा पाइप उभा कर आणि तुझ्याकडची सगळ्यात आखूड सावली मोज. एक दिवस मीही पाइप घेऊन लातूरला गेलो. इकडं सावली शून्य. त्याच्याकडं पाच सेंटिमीटरच्या किंचित वर, 5.2. पाइपच्या उंचीशी तिचं प्रमाण काढलं की कोन येतो दीड अंशाला थोडा कमी. दोन्ही गावांमधलं निव्वळ दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून 164 किलोमीटर. रस्त्याचं अंतर घेऊन चालत नाही, एसटी वळणं घेत जाते आणि संभाजीनगर लातूरच्या बरंच पश्चिमेलाही आहे. आता त्रैराशिक: 1.49 अंशाला 164 किलोमीटर, तर 360 अंशांना किती? साडेएकोणचाळीस हजार किलोमीटरच्या जरा वर आलं. पृथ्वीचा दक्षिणोत्तर घेर 40,008 किलोमीटर आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसनं हेच केलं होतं, विहिरीतलं ऊन आणि खांबाची सावली घेऊन. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि लातूरच्या गच्चीवर उभं राहून जगाचा घेर काढणं वेगळं. त्या दुपारी मला जेवण सुचलं नाही. ज्यांना करायचं असेल त्यांना एक सूचना: सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं असल्यामुळं सावलीची कड पुसट दिसते, दोन मीटरच्या पाइपला पुसटपणा जवळजवळ दोन सेंटिमीटरचा. पुसट पट्ट्याचा मध्य धरायचा आणि दोन्हीकडं सारख्याच रीतीनं धरायचा.

शिपाई मामा आता खडू घेऊन स्वतःच पोरांना बोलावतात.

लातूर, स्वयंपाकघरातून

मी सावलीतलं काही जाणत नाही, माझा वाद तुरीच्या डाळीचा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणा राहतो. सासूबाई म्हणायच्या डाळ जुनी आहे, मी म्हणायची पाणी जड आहे. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी स्वच्छ पातेल्यात धरलं. एकाच डब्यातली डाळ, वाटी-वाटी मापून, दोन भांड्यांत, एकाच कुकरात. एकात बोअरचं पाणी, एकात पावसाचं. पावसाच्या पाण्यातली पळीनं घोटली की एकजीव झाली, बोअरची अख्खी राहिली.

मुलीनं कारण सांगितलं. दाण्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन असतं, आणि जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला आणखी घट्ट धरतं. पण सासूबाईंचंही खरं होतं. नंतर नवी आणि जुनी डाळ पावसाच्याच पाण्यात लावली तर जुनीला वेळ लागला. उष्ण दमट जागी साठवलेली डाळ कठीण होत जाते. चिमूटभर खायचा सोडा टाकला की काम होतं, पण त्यानं बी-1 जीवनसत्त्व जातं, म्हणून मी टाकत नाही. चिंच मात्र आम्ही दोघी आता डाळ शिजल्यावरच घालतो, आंबटानंही शिजणं लांबतं.

औंढा नागनाथ भागातला

आमच्याकडं लायगोचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं, ठरल्यापासून पारावर प्रश्न थांबत नाहीत. पहिला आजोबांचा: "चार चार किलोमीटरच्या दोन नळ्या टाकून मोजणार काय?" मी सांगितलं, लांब आभाळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच ताणलं-आकसलं जातं, ते मोजणार. "किती ताणलं जातं?" चार किलोमीटरमागं प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकं, कधी त्याहून कमी. आजोबा म्हणाले, "अन् रोडनं ट्रक गेला तर?"

हाच प्रश्न शास्त्रज्ञांचा आहे, आणि आमचं गाव निवडण्यामागंही तोच आहे. समुद्र लांब, मोठे कारखाने नाहीत, जमीन शांत. आरसे 40-40 किलोचे, एकाखाली एक चार टप्प्यांच्या लोलकावर टांगलेले, म्हणजे वरच्या आधाराची थरथर खाली आरशापर्यंत पोचेपर्यंत मरते. शिवाय दोन ठिकाणी एकाच वेळी दिसलं तरच खरं मानायचं. 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर सापडली ती अमेरिकेत, लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोन ठिकाणी, साधारण सात मिलिसेकंदांच्या फरकानं. इथला ट्रक तिकडं हजारो किलोमीटरवर त्याच क्षणी त्याच लयीत थरथर करणार नाही.

मग शेजारच्या काकांनी विचारलं, "शांत जमीन म्हणतोस, किल्लारी विसरलास काय?" 30 सप्टेंबर 1993 ची पहाट इकडं कुणी विसरलेलं नाही, त्यामुळं सगळे गप्प झाले. मी जपून सांगितलं की मोठा भूकंप क्वचित येतो; यंत्राला रोजचा त्रास असतो तो समुद्राच्या लाटांचा, वाऱ्याचा, रहदारीचा. काकांचं पूर्ण समाधान झालं नाही. रोजचा आवाज आणि क्वचितचा धक्का यांचा विचार वेगवेगळा का करायचा, हे त्यांना अजून पटवतो आहे.

2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रानं 2,600 कोटींना मंजुरी दिली. आपलं यंत्र लागलं की लहर आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यातून आली ते जास्त नेमकं सांगता येईल, कारण वेगवेगळ्या ठिकाणी पोचण्याच्या वेळांमधूनच दिशा निघते. गावातली दोन पोरं त्यासाठी भौतिकशास्त्राला गेली आहेत. मला त्याचा फार आनंद आहे.

जिंतूर स्टँड

आमचा खेळ एसटीची वाट बघतानाचा आहे. समोरून जाणाऱ्या गाडीचा नंबर घ्यायचा, एमएच 22 नंतरचे चार आकडे. मोठ्याकडून लहान आणि लहानाकडून मोठे असे मांडून वजाबाकी, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. चारही आकडे सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतंच. पुतण्याचा विश्वास बसेना. त्यानं 2005 दिला: 5175, 5994, 5355, 1998, 8082, 8532, 6174. पूर्ण सात. हे शोधणारे द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. पुतण्या आता सहा आकड्यांचं करून बघतोय, तिथं एवढं सरळ नाही.

जालन्याचा कूलरवाला

दर जुलैला गिऱ्हाईक येतं, "मेमध्ये चांगला चालत होता, आता कूलर बिघडला." बिघडलेला नसतो. आता मी दुकानात दोन तापमापक टांगले आहेत, एक कोरडा, एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. मेच्या दुपारी दोघांत 18-20 अंशांचा फरक दिसतो, पावसाळ्यात तीन-चार. कूलरला तेवढीच जागा असते, त्याच्या खाली तो जाऊ शकत नाही. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढतं. एका लिटरला लागणारी उष्णता सहाएक लिटर बर्फगार पाणी उकळीला आणेल इतकी. हवा आधीच ओली असेल तर वाफ होणार कुठून? आणि खिडकी उघडीच ठेवा. गिऱ्हाइकांचा सगळ्यात जास्त वाद यावरच असतो, पण बंद खोलीत ओल साठते आणि अर्ध्या तासात थंडावा जातो.

परतूरकर

केजकडच्या ताई, आमचं रान पाच कोपऱ्यांचं आहे. त्याला किती कर्ण मोजायचे?

केजकडची

दोन. एकाच कोपऱ्यावर उभं राहा, शेजारचे दोन कोपरे सोडून उरलेल्या दोन कोपऱ्यांपर्यंत टेप धरा. तीन त्रिकोण होतील. टेप ताणून धरा आणि मधे तूर उभी असेल तर काढणी झाल्यावरच मोजा.