मदत हवी आहे: याशिका-मॅट १२४जीचं शटर कमी वेगांना अडकतं

नमस्कार. बाबांचा याशिका-मॅट १२४जी, म्हणजे दोन भिंगांचा जुना फिल्म कॅमेरा, गेल्या महिन्यात साताऱ्याच्या घरून आणला. गावातल्या कितीतरी लग्नांचे फोटो त्यांनी याच्यावर काढले, म्हणून तो मला स्वतःच्या हाताने चालता करायचाय.

भिंगांना बुरशी नाही. बाजूचा हँडल फिरवला की फिल्म सरकते, शटरही चढतं. १/६० ते १/५०० सेकंद हे वेग कानाला ठीक वाटतात. त्याखाली मात्र गडबड आहे. एक सेकंदावर लावलं की आतल्या दातेरी चाकांची किरकिर सुरू होते, मध्येच थांबते आणि शटरची पाती उघडीच राहतात.

मागचं झाकण उघडून फोनवर स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेम, चित्रण केलं. १/८ला पाती ३० फ्रेम उघडी हवीत. पहिल्यांदा ६४ आल्या, सात-आठ वेळा बटण दाबल्यावर ४१. थंडीत सकाळी सगळ्यात वाईट, दुपारी बरं. म्हणून स्प्रिंग थकलेली नसून जुनं ग्रीस घट्ट झालंय असा माझा कयास आहे. त्यात मागे एका दुरुस्तीवाल्याने उघडून नुसतं तेल सोडून परत दिला होता. त्याचा अजून राग येतो.

कमी वेगांचा गियर-संच बाहेर काढू की लायटरचं इंधन सोडून जागच्या जागी धुऊ? आणि शटरच्या पुढचा भिंगगट (एकत्र बसवलेली भिंगं) काढला तर फोकस बिघडेल का?

प्रतिसाद:

कयास पटतो. पण जागच्या जागी धुऊ नका. विरघळलेलं ग्रीस वाहत पात्यांवर येतं आणि सुकलं की ती एकमेकांना चिकटतात. ते आधीचं तेलही बहुधा तिथे पोचलंय, पाती कोरडी होईपर्यंत पुसावी लागतील.

भिंगगट बिनधास्त काढा. यात फोकस करताना दोन्ही भिंगांची अख्खी पाटी पुढे-मागे होते. गट परत शेवटपर्यंत बसवला की झालं.

गियर-संच काढण्याआधी कडेने सुईने रेघ ओढा. तो केसभर सरकला तरी वेळा बदलतात. धुऊन वाळवल्यावर फक्त आसांच्या टोकांना घड्याळाचं तेल, सुईच्या टोकावर मावेल इतकंच. दात्यांना काही नाही, पात्यांना तर मुळीच नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. बसवण्याआधी एक फोटो इथे टाका, रेघ जुळतेय का बघू.