‘-त होता’ दिसलं की ‘वॉज’ आणि ‘आयएनजी’: हे सूत्र शिकवावं का?

अल्पविराम: मराठी माध्यमात इंग्रजी भाषांतर शिकवताना अनेक ठिकाणी हे सूत्र पाठ करून घेतात: मराठी वाक्यात ‘-त होता’ असेल, तर इंग्रजीत ‘वॉज’ आणि क्रियापदाला ‘आयएनजी’. माझ्या मते ते बंदच करावं. ‘आजोबा नोकरीत असताना रोज पाचला उठत होते’ ही सवय आहे. इंग्रजीत ‘गॉट अप’ किंवा ‘यूज्ड टू गेट अप’ हवं. मुलं ‘वॉज गेटिंग अप’ लिहितात, कारण ‘-त होते’ दिसलं. उलट बाजूनेही घोटाळा होतो. ‘मी गेलो तेव्हा बाळ झोपलं होतं’ यात ‘-त’ नाही, म्हणून ‘हॅड स्लेप्ट’ येतं; पाहिजे ‘वॉज स्लीपिंग’. झोपणं, बसणं अशा क्रियापदांत मराठी आधी घडलेली कृती धरते, इंग्रजी त्या क्षणीची स्थिती.

तळटीप: असहमत. नवशिक्या मुलाला हाताशी काहीतरी लागतं. ‘पाऊस पडत होता’, ‘आई भाजी चिरत होती’ इथे सूत्र अचूक चालतं. आधी वाक्य जुळवता येऊ दे, सवयीचा भेद वर्षभराने सांगा.

अल्पविराम: वर्षभरात ‘मला माहीत होतं’साठी ‘आय न्यू’ऐवजी ‘आय वॉज नोइंग’ जिभेवर बसतं, मग ते सुटत नाही.

क्रियापद: दोघंही प्रत्ययाकडे बघताय. मुलांना प्रश्न विचारायला शिकवा: सांगतोय त्या क्षणी काम अर्धवट होतं का? ‘द बॉय वॉज ड्राउनिंग’च्या पुढे ‘पण कोणीतरी ओढून काढलं’ असं जोडता येतं; ‘द बॉय ड्राउन्ड’ म्हटलं की मुलगा गेला. ‘व्हेन द गेस्ट्स केम, वी वेअर ईटिंग’ म्हणजे पाहुणे आले तेव्हा जेवण चालू होतं. ‘वी एट’ म्हणजे पाहुणे आल्यावर जेवलो. आणखी एक: ‘चार तास’ दिसले की मुलं ‘आयएनजी’ लावतात. क्रिया किती लांबली याचा इथे संबंध नाही. चार तास अभ्यास करून उठलो, तर ‘आय स्टडीड फॉर फोर आवर्स’ पुरे.

तळटीप: प्रश्न चांगला आहे, पण ‘मला माहीत होतं’ला तो लागूच होत नाही. माहीत असणं अर्धवट कसं असेल? म्हणजे ‘आयएनजी’ न लागणाऱ्या क्रियापदांची नो, बिलाँग, ओन, मालकीचा हॅव ही यादी शेवटी पाठच करावी लागते. त्यातही ‘वी वेअर हॅविंग लंच’ बरोबर आणि ‘वी वेअर हॅविंग अ कार’ चूक. पाठांतराला इतकी नावं का ठेवता?

क्रियापद: यादी जरूर करा, पण अर्थाची: स्थिती एकीकडे, कृती दुसरीकडे. जेवण ही कृती, गाडी असणं ही स्थिती. एकच ‘हॅव’ दोन्हीकडे जातो.

अल्पविराम: हे मान्य. पण मग पेपर तपासणाऱ्यांनीही सुधारायला हवं. ‘ती तेव्हा नागपुरात राहत होती’ला ‘लिव्ह्ड’ही चालतं आणि मुक्काम तात्पुरता असेल तर ‘वॉज लिव्हिंग’ही. सूत्रात बसत नाही म्हणून ‘लिव्ह्ड’चा गुण कापणं हा मुलावर अन्याय आहे.